मावशींनी न केलेल्या खुणा

मावशींचे कान ठणठणीत आहेत, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर वाचणाऱ्याच्या जिवाला उगाच घोर. खुद्द मावशींना मात्र हे कळायला तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांत त्यांनी स्वतःचे जे हाल करून घेतले ते आठवलं की अजूनही हसावं की चिडावं ते समजत नाही.

मावशी काम करतात ते ठिकाण एका मोठ्या इस्पितळाच्या मागच्या अंगाला आहे. एक्स-रेची खोली ओलांडली की अरुंद जिना, आणि वर तीन खोल्या. माणूस बोलतो कसा आणि बोलताना अडखळतो का, यावर तिथे संशोधन चालतं. पहिल्या खोलीत डॉक्टरबाई बसतात. दुसरीच्या भिंतींना जाड फोम लावलाय आणि मधोमध मायक्रोफोन आहे. अडखळत बोलणारी माणसं तिथे येऊन बसतात, समोरचं चित्र बघून गोष्ट सांगतात, सकाळपासून काय काय केलं ते सांगतात. तिसरी खोली मावशींची. हेडफोन लावून त्या ते सगळं शब्दन् शब्द टाइप करतात, कागद छापतात आणि मग पुन्हा पहिल्यापासून ऐकत पेन्सिलीने खुणा करतात.

खुणा चारच. ‘ब-ब-बस’ असं अक्षर पुन्हा पुन्हा आलं की शब्दाखाली नागमोडी रेघ. ‘सऽऽऽकाळी’ असं लांबलं की सरळ आडवी रेघ. शब्द घशातच अडकला, श्वास कोंडला, आवाजच फुटेना, तर शब्दाआधी उभी काठी. आणि माणूस आता काय बोलावं याचा विचार करत नुसताच थांबला असेल, तर ठिपका. ठिपका अडखळण्यात धरत नाहीत. विचार करायला कोण थांबत नाही?

काठी आणि ठिपका यांतला फरक कागदावर सोपा वाटतो. हेडफोनमध्ये मात्र दोन्हींकडे शांतताच असते. अडकलेल्या शांततेत घशाचा एखादा बारीक टक् असतो, ओठांमागे दाबून धरलेला श्वास असतो, आणि तेवढ्यावरून ओळखायचं. संगणकाच्या पडद्यावर आवाजाच्या लाटा बघता येतात, पण पहिली फेरी पडदा बंद ठेवून कानानेच करायची, असा डॉक्टरबाईंचा दंडक. दुसरा दंडक म्हणजे कोणाच्याही एकट्याच्या कानावर विसंबायचं नाही. दर महिन्याला दहा ध्वनिमुद्रणं मावशी आणि त्यांच्या जोडीला असेल ती, अशा दोघींनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून ऐकायची. चहाच्या वेळीसुद्धा त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. मग डॉक्टरबाई दोघींचे कागद शेजारी शेजारी ठेवून खुणा किती जुळल्या ते टक्क्यांत काढतात. पंच्याऐंशीच्या खाली गेलं की त्या महिन्याचं काम बाद.

मावशींचं बाद कधी झालंच नाही. त्या आधी कोर्टात टंकलेखक होत्या, पंचवीस वर्षं साक्षी टाइप केल्या होत्या. बोलणाऱ्याच्या तोंडातून शब्द सुटला की त्यांच्या बोटांतून तो कागदावर उतरलेला असायचा. कोर्टातली जागा गेली आणि दोन महिन्यांच्या बोलीवर त्या इथे आल्या, त्याला आता आठ वर्षं झाली. या आठांपैकी पाच वर्षं लहान मुलांच्या कामात गेली. कोणत्या मुलाचं अडखळणं आपोआप थांबतं, कोणाचं मोठेपणीही राहतं, याचा काही माग लागतो का, हा प्रश्न होता. सहाशे मुलं. एका पोराने पाच मिनिटांत ‘म-म-म-मांजर’ सत्तावीस वेळा म्हटलं आणि मावशींनी सत्तावीस नागमोड्या काढल्या, एकही कमी नाही. डॉक्टरबाई पाहुण्यांना सांगायच्या, “आमच्याकडे दोन यंत्रं महागाची आहेत. तिसऱ्या मावशी.”

मग मोठ्या माणसांचं काम सुरू झालं. त्याच सुमारास मावशींच्या जोडीला एक नवी मुलगी आली, नुकतीच परीक्षा पास झालेली, चष्मा सारखा नाकावर ढकलणारी. पहिल्या महिन्याचे कागद जुळवले आणि आकडा आला अठ्ठावन्न.

साहजिकच सगळे त्या मुलीकडे बघायला लागले. मावशींनी तर तिच्या पाठीवर हात ठेवला. “होतं गं पहिल्या पहिल्यांदा. कान तयार व्हायला वेळ लागतो. मी आहे ना.” किती मोठेपणाने म्हणाल्या! पुढे कित्येक दिवस हे वाक्य आठवलं की त्यांना तोंड लपवावंसं वाटायचं. कारण डॉक्टरबाईंनी नियमाप्रमाणे तीच दहा ध्वनिमुद्रणं दुसऱ्या गावच्या एका जाणकारांकडे पाठवली, आणि त्यांच्या खुणा मुलीशी ब्याण्णव टक्के जुळल्या. मावशींशी सत्तावन्न. जिथे त्या दोघांनी काठ्या काढल्या होत्या, तिथे मावशींचे ठिपके होते. पानंच्या पानं ठिपके.

मावशींच्या पायाखालची जमीन सरकली. पण त्या सगळ्यांत आधी मुलीकडे गेल्या, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. म्हणाल्या, “तुझे कान चांगले आहेत. मी उगाच शहाणपणा शिकवला तुला.”

मुलीने चष्मा काढून डोळे पुसले. “मी घरी आईला सांगून बसले होते मावशी, की नोकरी गेली म्हणून.”

“आता माझ्या घरी मला सांगावं लागणार,” मावशी म्हणाल्या आणि हसल्या. आतून मात्र धाबं दणाणलेलं. नोकरीचं एक वेळ सोडा. कान गेले असतील तर ते एका दिवसात थोडेच गेले असतील? कधीपासून जात होते? ती सहाशे मुलं कोणत्या कानांनी ऐकली आपण? त्या मुलांचा अहवाल पुढच्याच महिन्यात जायचा होता. उद्या त्यावर विसंबून कोणी एखाद्या आईला म्हणणार, काळजी नको, तुमच्या लेकराचं आपोआप थांबेल. आणि ते मावशींच्या चुकलेल्या पेन्सिलीवरून म्हणणार. या विचाराने त्यांचा डबा रोज अर्धा परत जायला लागला.

घरी त्यांनी काही सांगितलं नाही. घरी म्हणजे काका, मावशींचे यजमान. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायचं काम करतात. काच अशी बसवतात की गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येत नाही, आणि आलं तरी काका पुढे येत नाहीत, कारण ते बोलताना अडकतात. अक्षर पुन्हा येतं ते क्वचितच, बहुतेक वेळा शब्दच दाराशी येऊन उभा राहतो आणि बाहेर पडत नाही. तीन सेकंद, पाच सेकंद, कधी दहा. शब्द एकदाचा निघाला की काका टेबलावर दोन बोटं टकटक वाजवतात. खोळंबा केला, माफी असावी, असा त्याचा अर्थ. एकतीस वर्षं हे चाललेलं.

त्यांची गाठ पडली ती कोर्टातच. दोन गाड्यांच्या टकरीचे काका साक्षीदार होते. वकील घाईत होता. “हो की नाही एवढंच सांगा, कोर्टाचा वेळ जातोय,” असं दोनदा डाफरला. टंकलेखक बाई मात्र बोटं टंकयंत्रावर ठेवून शांत बसून होत्या. सही करायच्या आधी काकांनी आपली साक्ष वाचायला घेतली. दोन पानं, सरळ, न अडखळणारी, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. आयुष्यात पहिल्यांदाच आपलं बोलणं दुसऱ्या माणसांच्या बोलण्यासारखं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी ते कारण नसताना कोर्टात आले. तिसऱ्या दिवशीही.

तर या काकांना मावशींनी काही सांगितलं नाही, पण घरात प्रयोग सुरू केले. घड्याळ उशीखाली ठेवून टिकटिक ऐकू येते का ते बघितलं. गळका नळ मुद्दाम तसाच ठेवला आणि बाहेरच्या खोलीतून थेंब मोजले. एक दिवस काकांना म्हणाल्या, “आत जाऊन जरा कागद चुरगाळा बघू.”

“क… कशाला?”

“चुरगाळा म्हटलं ना.”

काकांनी चुरगाळला. मावशींना ऐकू आला. “आता हळू.” तोही ऐकू आला. शेवटी काकांनी वर्तमानपत्राचा बोळा हातात घेऊन दारातून डोकं काढलं. बायकोचं काहीतरी बिनसलंय हे ओळखायला त्यांना काही कान तपासायची गरज नव्हती.

डॉक्टरबाईंनीच मग मावशींना खाली कान तपासायच्या विभागात धाडलं. बंद पेटीसारख्या खोलीत बसायचं, बारीक शिटी ऐकू आली की बटण दाबायचं. मावशी परीक्षेला बसल्यासारख्या ताठ बसल्या. वीस मिनिटांनी तपासणारा गृहस्थ आलेखाचा कागद नाचवत बाहेर आला.

“मावशी, हे कान पस्तिशीच्या बाईचे आहेत.”

“मग बाकीची मी किती वर्षांची?” मावशी म्हणाल्या. जीव भांड्यात पडायला हवा होता, पण तो काठावरच अडून बसला. कान शाबूत, म्हणजे मग डोकं गेलं की काय? हे तर आणखीच वाईट.

तो कागद घेऊन त्या वर आल्या, तर डॉक्टरबाईंच्या खोलीत काका बसलेले. सकाळी मावशींच्या पिशवीत तपासणीची चिठ्ठी दिसली म्हणून दुकानातून तडक निघून आले होते. आठ वर्षांत ते हा जिना कधी चढले नव्हते. तिथे गेलो की मला त्या फोमच्या खोलीत बसवतील, असं म्हणायचे.

“बोला ना,” डॉक्टरबाई त्यांना म्हणत होत्या. नवी मुलगी दाराशी कागदांचा गठ्ठा घेऊन उभी होती.

“मी… हिचा…” काका थांबले. हनुवटी किंचित वर गेली, ओठ मिटले. पाच सेकंद गेले असतील. “…नवरा. हिला काही झालंय का, ते… विचारायला… आलो. ही घरात… कागद चुरगाळायला लावते.”

मावशींनी कपाळावर हात मारून घेतला. “अहो, ते कशाला सांगताय इथे! माझे कान चांगले आहेत. हा बघा कागद.”

काकांनी आलेख हातात घेतला, चष्मा वर करून जवळून पाहिला. “मग… र… रडत का होतीस न्हाणीघरात?”

डॉक्टरबाई काकांकडे बघत नव्हत्या. काका बोलायला लागल्यापासून त्या एकटक मावशींकडे बघत होत्या. मावशी काकांसमोर जशा उभ्या होत्या, खांदे सैल, मान थोडी कलती, अजिबात घाई नाही, तशा त्या कोणासमोरच उभ्या राहत नसत.

“मावशी,” डॉक्टरबाई म्हणाल्या, “हे आत्ता किती वेळा अडकले?”

“कोण? हे?” मावशींनी काकांकडे पाहिलं. “एकदा. ‘रडत’ म्हणताना. र दोनदा आला.”

“आणि अडकून थांबले असे?”

“ते थांबले कुठे? विचार करत होते.”

दाराशी उभ्या असलेल्या मुलीने तोंडावर हात ठेवला. सवयीने तिने मनातल्या मनात खुणा केल्याच होत्या. “सहा,” ती हळूच म्हणाली. “सहा काठ्या, मावशी.”

मग डॉक्टरबाई हसायला लागल्या, आणि त्या सहसा हसत नाहीत. म्हणाल्या, “तीन आठवडे मी यंत्रं तपासतेय, तारा बदलतेय. हेडफोनसुद्धा नवे मागवले! अहो, तुम्ही एकतीस वर्षं याच शांततेच्या शेजारी राहताय. ती तुम्हाला अडकल्यासारखी वाटतच नाही.”

“आणि मुलं?” मावशींचा आवाज चिरकला. “ती सहाशे मुलं?”

डॉक्टरबाईंनी टेबलावरचा गठ्ठा पुढे सरकवला. गेल्या आठवड्यात त्यांनी मुलांच्या कामातली साठ ध्वनिमुद्रणं डोळे मिटून उचलली होती, आणि त्या आणि ती मुलगी अशा दोघींनी नव्याने ऐकली होती. मावशींच्या खुणांशी जुळणी चौऱ्याण्णव टक्के. मुलांच्या अडखळण्यात बहुतेक वेळा आवाज असतो. अक्षर पुन्हा येतं, लांबतं, आणि त्यातलं काही मावशींच्या कानातून सुटलं नव्हतं. मुलांचं काम शाबूत होतं. अहवाल वेळेवर जाणार होता. नव्याने ऐकायची होती ती फक्त मोठ्यांची त्या महिन्याची ध्वनिमुद्रणं.

आता मात्र मावशींचा जीव भांड्यात पडला. इतका की त्या काकांच्याच खुर्चीच्या हातावर टेकल्या. हसू येत होतं, नाक वाहत होतं, आणि मुलीने दिलेला रुमाल त्यांनी चुकून काकांना दिला. किती बरं वाटलं म्हणून सांगू! तीन आठवड्यांत त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा पूर्ण डबा खाल्ला, तोही निम्मा थंडगार झालेला.

संध्याकाळी दोघं चालत घरी निघाले. दुसऱ्या वळणावर काका म्हणाले, “म्हणजे तुला… माझं थांबणं… ऐकूच येत नाही?”

“येतं हो. पण मला वाटतं, तुम्ही विचार करताय.”

“एकतीस… वर्षं?”

“मला वाटायचं, फार विचार करून बोलणारा माणूस मिळाला.”

काका भररस्त्यात मोठ्याने हसले. लोकांनी वळून पाहिलं. हसताना काका कधीच अडकत नाहीत. हसून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला, आणि स्वच्छ झाला तरी पुसत राहिले. “आणि मी,” ते म्हणाले, “दर वेळी… तुझी माफी मागत होतो.” मावशींनी काकांच्या हातातली पिशवी घेतली, जी मुळात त्यांचीच होती.

इथेच संपायला हरकत नव्हती, पण मावशींचा स्वभाव हट्टी. डॉक्टरबाई म्हणाल्या, यापुढे तुम्ही मुलंच ऐका, मोठ्यांसाठी दुसरं कोणी बघू. मावशी म्हणाल्या, मुळीच नाही, काठी कशी ओळखायची ते मी शिकणार. आणि त्या खरंच नव्या मुलीच्या शेजारी शाळकरी पोरीसारख्या बसल्या. सरावाची जुनी ध्वनिमुद्रणं घेतली. मुलीने त्यांना एक युक्ती दाखवली. ऐकताना आपलं बोट आपल्याच घशावर ठेवायचं. बोलणारा अडकला की ऐकणाऱ्याचाही घसा नकळत आवळतो, आणि तो बोटाला कळतो. नुसता विचार करत थांबला असेल तर घसा सैलच राहतो. मावशींनी ही युक्ती घरी काकांनाही रंगवून सांगितली. पहिल्या दिवशी मावशींना काही कळेना. चौथ्या दिवशी एक काठी सापडली. दहाव्या दिवशी त्या स्वतःहून म्हणाल्या, “थांब, इथे तू चुकलीस,” आणि खरंच मुलगीच चुकली होती. तीन आठवड्यांनी आकडा आला एकोणनव्वद. मुलीने चष्मा नाकावर ढकलला आणि म्हणाली, “होतं मावशी. कान तयार व्हायला वेळ लागतो.” मावशींनी तिला पेन्सिल फेकून मारली.

आनंदाने जिना उतरता उतरता मात्र त्या मधल्याच पायरीवर थबकल्या. कान आता तयार झाला होता. म्हणजे आज घरी गेल्यावर तो काकांचंही सगळं ऐकणार. प्रत्येक अडथळा, प्रत्येक कोंडलेला श्वास. एकतीस वर्षं ज्या घरात काही खटकलं नाही, त्या घरात आता पावलोपावली काठ्या दिसणार. हे काय करून बसलो आपण?

जेवताना काकांनी गोष्ट काढली. दुकानात एक गिऱ्हाईक आलं होतं, भांडायलाच. नवा चष्मा साफ चुकलाय, आठ दिवस डोकं दुखतंय, पैसे परत द्या. पुढच्या माणसांना काही सुधरेना, म्हणून आज काका स्वतः मागच्या खोलीतून बाहेर आले होते. मावशींच्या हातातला घास थांबला. काका गिऱ्हाइकासमोर कधी जात नसत. पण आता मधे विचारलं तर गोष्ट तुटेल, म्हणून त्यांनी विचारलं नाही. उलट पदर सावरल्यासारखं करत हळूच बोट घशाला लावलं. काय व्हायचं ते एकदाच होऊन जाऊ दे. मोजूनच बघू.

“मी तो चष्मा… हातात घेतला,” काका म्हणाले. एक.

“आणि त्याला म्हटलं, साहेब, हा… माझ्या हातचा आहे, पण…” दोन.

“पण काय?”

“पण हा… बायकी आहे. आठ दिवस तो… बायकोचा चष्मा लावून फिरत होता! आणि बायको…”

“बायको काय? सांगा ना!”

“बायको त्याचा लावून… आठ दिवस… स्वयंपाक करत होती. आणि हा म्हणतो, तरीच भाजीत… मीठ कमी!”

मावशींना ठसका लागला. पाणी प्यायल्या, डोळे पुसले, पुन्हा हसल्या. काका हसत त्यांच्याकडे बघत होते.

“बोट… घशावर होतं तुझं,” ते म्हणाले. “किती मोजलेस?”

पकडलं गेल्यावर मावशींनी लपवलं नाही. “दोन.”

“दोनच? मी तर…”

“पुढे ती बायको आली ना मधे,” मावशी म्हणाल्या. “तिचं काय झालं ते ऐकू की मोजत बसू?”

काकांची दोन बोटं सवयीने टेबलाकडे निघाली होती. ती पेल्याजवळ जाऊन थांबली. काकांनी पेला उचलला, पाणी प्यायले आणि म्हणाले, “उद्या… दुसरी सांगतो. मोठी आहे.”

“सांगा,” मावशी म्हणाल्या, आणि ताटं उचलायला उठल्या.